घाडी, हात तुझाच होता

घाडी, विक्रोळीच्या तुझ्या टेकडीच्या पायथ्याशी, रिक्षास्टँडच्या वर, तुझा फ्लेक्स लागलाय. फोटोत तुला पांढरा कुर्ता घातलाय. तू तो जन्मात कधी घातला नव्हतास. नावाआधी 'समाजसेवक' असं लिहिलंय. खाली हात जोडून, शोकाकुल म्हणून जो उभा आहे, त्याच भाऊच्या, टेकडीवरच्या पुढाऱ्याच्या, माणसांनी तुझ्या डोक्यात पाइप घातला. टेकडीवर सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि सगळे त्या फ्लेक्सखालून भाजी आणायला जातात. तुझी बायको सुषमा मला म्हणाली, "मी तो उतरवीन मॅडम, पण उद्या आम्हाला तिथेच राहायचंय."

तुला समाजसेवक म्हणून जाळलं, हे माझ्याच्यानं सहन होत नाही. तू कोण होतास हे माझ्या घरात जितकं माहीत आहे तितकं त्या फ्लेक्सवाल्यांनाही नसेल. म्हणून लिहितेय.

दोन वर्षं मी तुला अहो-जाहो केलं. तू वैतागायचास. "मॅडम, तुम्ही म्हणू नका हो. मला पोलीस पण तू म्हणतात." तेव्हा जमलं नाही. आज जमतंय.

अंधेरीच्या शाळेत दर रविवारी भरणाऱ्या आमच्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात तू पहिल्यांदा आलास, तेव्हा मी तुला नवा शिपाईच समजले होते. पाचवीच्या पोरांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलास. वर्गात बालवाडीच्या दोन शिक्षिका, तीन सिक्युरिटी गार्ड, एक नर्स. मी प्रत्येकाला विचारलं, समाजशास्त्र का घेतलं? तुझी पाळी आली तेव्हा तू उभा राहून म्हणालास, "वकील बोलला. कॉलेजात नाव असलं की जज नरम पडतो." सगळे हसले. तू हसला नाहीस. तुझ्यावर मारहाणीची केस चालू होती आणि तू खरं तेच सांगत होतास.

पहिले दोन महिने तू नुसता बसून राहिलास. मग दर्जा आणि भूमिका हा धडा आला. मी फळ्यावर लिहिलं: अर्पित दर्जा, जो जन्मानं मिळतो, अर्जित दर्जा, जो माणूस कमावतो. दर्जाबरोबर समाज एक भूमिका देतो आणि ती पार पाडायची अपेक्षा करतो. तास संपला तरी तू उठेनास. फळा पुसायला लागले तर म्हणालास, "मॅडम, थांबा. उतरवून घेतो. हे माझंच आहे."

त्यानंतर तू पुस्तकाला चावायला लागलास. दुसरा शब्द मला सुचत नाही. समूहाच्या धड्याला, जिथे 'आपण' आणि 'ते' अशी वाटणी येते, तू हात वर केलास.

"पुस्तकात उलटं लिहिलंय मॅडम."

"म्हणजे?"

"पुस्तक म्हणतं, आधी आपला समूह असतो, मग परका समूह दिसतो. आमच्यात आधी काम यायचं. मग 'ते' बनवायचे. नुसत्या माणसावर हात उठत नाही. आधी त्याला नाव द्यावं लागतं. भय्या, लांड्या, पाववाला, जे असेल ते. गाडीत बसल्या बसल्या तेच बोलत जायचं, हसत जायचं. उतरेपर्यंत तो माणूस राहत नाही."

तू उदाहरण दिलंस. उदाहरण देऊन बोला, असं मीच शिकवलं होतं.

"इथेच, अंधेरीत, एका गावठाणात गेलो होतो. बावीस वर्षं झाली. भाजीची वाडी होती, बिल्डरला रस्त्याला हवी होती. एक किरिस्ताव सही देत नव्हता. पाववाला, पाववाला करत गेलो. दोघांनी धरला, मी कोपरावर पाइप मारला. तीनदा. त्याची आई पायरीवर कोळंबी सोलत बसली होती. ती ओरडली पण नाही. हातातली कोळंबी तशीच."

माझ्या बोटांत खडू होता. मी वळून फळ्यावर 'परसमूह' हा शब्द पुन्हा लिहिला, जो तिथे आधीच लिहिलेला होता. मग म्हणाले, "चांगलं उदाहरण आहे." आणि पुढचा मुद्दा घेतला.

ती माझी आय होती, घाडी. आणि तो माझा भाऊ, पास्कल.

पास्कल तेव्हा एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. उजवं कोपर जे आखडलं ते आखडलंच. नोकरी गेली. आजही तो डाव्या हातानं जेवतो आणि लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं त्याच्याकडे बघतात. पोलिसांनी तेव्हा 'अज्ञात इसम' लिहून घेतलं. बावीस वर्षं मी त्या अज्ञात इसमाचं तोंड मनात बनवत होते आणि तो दर रविवारी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर वही काढून बसत होता.

मी काय केलं, ते तुला ठाऊक आहे. त्या महिन्यात तू दिलेला निबंध वर्गातला सगळ्यात चांगला होता. मी त्याला वीसपैकी पाच दिले. लाल पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. पाइप नव्हता माझ्याकडे, पेन होतं.

तू पेपर घेऊन टेबलाशी आलास. "मार्कांचं काही नाही मॅडम. चूक कळली तर बरं."

मी म्हणाले, "चूक अंधेरीच्या गावठाणात झाली. पायरीवर कोळंबी सोलणारी बाई माझी आय होती."

तुझा चेहरा हलला नाही. फक्त हातातला कागद तू हळूहळू घडी करत गेलास, इतका की शेवटी तो मुठीत मावला. मग म्हणालास, "तुमच्याकडून कोणी यायचं असेल तर येऊ दे. शनिवारी दुपारी मी एकटा असतो. हात उचलणार नाही."

"आमच्याकडे पाठवायला कोणी नाही, घाडी."

"मग मी यायचा बंद होऊ?"

मी नाही म्हणाले. तो माझा मोठेपणा होता, असं नंतर तू एकदा कोणाला तरी सांगितलंस म्हणे. अजिबात नव्हता. तू डोळ्यांसमोर हवा होतास, एवढंच. निबंध पुन्हा तपासून मी पंधरा मार्क दिले आणि त्याचा मला राग आला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. शाळेबाहेरच्या टपरीवर, कटिंग चहा हातात, तास संपल्यावर. तू म्हणायचास, "मी नसतो गेलो तर दुसरा गेला असता. पाइप तोच, कोपर तेच." मी म्हणायचे, "हात तुमचाच होता." तू म्हणायचास, "हात माझा. पण तो उचलायची ऑर्डर माझ्या जन्माच्या आधीची आहे."

आणि मग तू ती ऑर्डर उलगडून सांगायचास. मालवणातल्या तुझ्या गावात घाडी म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा. गावकऱ्यांच्या वतीनं देवाशी बोलणारा. तुझे आजोबा उभे राहिले की गाव गप्प व्हायचं. तुझे वडील मुंबईत गिरणीत लागले, तिथे त्यांना कोणी घाडी म्हणून ओळखेना. पण बॉबीनवाला म्हणून का होईना, काहीतरी होते. संप झाला, गिरणी गेली, आणि घरी येताना त्यांनी मशीनचा चामड्याचा पट्टा तेवढा आणला. "अर्पित दर्जा गावाला राहिला, अर्जित दर्जा गिरणीत राहिला. हातात पट्टा राहिला," तू म्हणालास. त्या पट्ट्यानं त्यांनी तुम्हा तिघा भावांना रोज फोडलं. तुझ्या पाठीवर बकलची खूण होती. पुस्तकात कुटुंबाला प्राथमिक समूह म्हणतात, आपुलकीचं पहिलं ठिकाण. त्या ओळीखाली तू पेन्सिलीनं लिहिलं होतंस: 'आणि माराचं.'

विचलनाच्या धड्याला तू म्हणालास, "समाजाचे नियम मोडतो तो विचलित, बरोबर? मग टेकडीवर विचलित कोण? जो मारत नाही तो. माझा धाकटा भाऊ वाचनालयात जायचा. त्याला सगळे बायल्या म्हणायचे. मी पहिल्यांदा एकाचं डोकं फोडलं तेव्हा शेजारच्या बायकांनी माझ्या आईला साखर दिली."

शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, पण शब्द इतके आतून फाडून दाखवणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय, म्हणजे कोणालाच सांगत नाहीये.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. तू विषय घेतलास: मारहाण करणाऱ्या गटाची रचना. मी हो म्हणाले. माहितीदारांची नावं गुप्त ठेवायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, नावांची यादी फक्त मार्गदर्शकाकडे ठेवायची, हे मीच तुला शिकवलं. अकरा माणसं तुझ्याशी बोलली. त्यात तू स्वतःला सातवा क्रमांक दिलास. "मी पण माहितीदारच ना?" म्हणालास.

तुझा मसुदा मी स्वयंपाकघरात बसून वाचला. गटात कोण काय करतो ते तू शांतपणे लिहिलं होतंस. काम आणणारा. आधी जाऊन गोड बोलणारा. धरणारे. मारणारा. आजकाल मोबाइलवर शूटिंग करणारा, म्हणजे बाकीच्यांना दाखवून घाबरवता येतं. आणि शेवटचा: दवाखान्यात नेणारा. 'हा माणूस ठरलेला असतो. तो कोपऱ्यावर रिक्षा घेऊन थांबतो. मार खाल्लेला मरता कामा नये, नाहीतर कलम बदलतं. अंधेरीच्या घटनेत हे काम क्रमांक पाचने केले.'

ते वाक्य वाचून मी उठले आणि गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं.

पास्कलला त्या दिवशी एका रिक्षावाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं होतं. आपला टॉवेल त्याच्या हाताला गुंडाळला होता, एक रुपया घेतला नव्हता. आयनं त्याला खूप शोधलं. नाही सापडला. मग मरेपर्यंत ती दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला त्याच्या नावानं मेणबत्ती लावायची. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'त्या चांगल्या माणसासाठी' म्हणायची.

मी पानाच्या कडेला बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

मग तू विचारलंस, मार खाल्लेल्या एका तरी माणसाची मुलाखत हवी, नाहीतर अभ्यास एकतर्फी होतो. ते शास्त्राला धरून होतं. घरी येऊन मी पास्कलला सांगितलं, "ज्यानं तुला मारलं, तो माझा विद्यार्थी आहे. त्याला तुझ्याशी बोलायचंय. नको असेल तर नको." पास्कलनं ताट संपवलं. मग म्हणाला, "येऊ दे."

तू रविवारी, चर्चमधली आमची मिसा आटोपल्यावर आलास. इस्त्रीचा शर्ट, पॅडला लावलेली प्रश्नावली. ओट्यावर पास्कलनं तुला खुर्ची दिली. तू पहिले तीन प्रश्न विचारलेस. नाव, वय, व्यवसाय. व्यवसायाला पास्कल म्हणाला, "होता." आणि उठला. भिंतीला आमचं मसाला कुटायचं मुसळ टेकलेलं असतं. ते त्यानं डाव्या हातानं उचललं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. चार पावलांवर. त्यानं मुसळ खांद्याच्या वर नेलं तेव्हा मी धरू शकले असते.

हाड मोडल्याचा आवाज मला आला. तू खुर्चीसकट खाली गेलास. पास्कल तुझ्यावर उभा, मुसळ पुन्हा वर. तू दोन्ही हात जमिनीवर ठेवलेस, डोकं वाचवायलासुद्धा वर केले नाहीस. दुसरा घाव त्यानं घातला नाही. का ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. त्याचा श्वास कुत्र्यासारखा चालला होता.

तू खुर्ची उभी केलीस. बसलास. डावा खांदा खाली लोंबत होता, ओठ दातांनी फुटला होता, शर्टावर रक्त येत होतं. प्रश्नावली उचललीस आणि वाचलंस, "प्रश्न चौथा. घटनेनंतर शेजाऱ्यांच्या वागण्यात काय फरक पडला?"

पास्कलनं मुसळ खाली ठेवलं. आणि तो बोलायला लागला. इतक्या वर्षांत मला जे सांगितलं नव्हतं ते त्यानं तुला सांगितलं. पहिला महिना घराघरातून जेवण आलं. दुसऱ्या महिन्यापासून लोक आमचं दार टाळून विहिरीच्या वाटेनं जायला लागले. वर्षभरात सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या. मग चर्चच्या आवारात लोक म्हणायला लागले, पास्कलनंच उगाच ताठा केला. "एक कोपर मोडलंत," पास्कल म्हणाला, "आणि सगळं गावठाण वाकलं. मला मारलंतच नाही तुम्ही. त्यांना मारलंत."

तू लिहीत होतास. लिहिता लिहिता थांबलास. "सामाजिक नियंत्रण," असं पुटपुटलास, आणि मग, "हे वरच्यांना माहीत होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही."

मीच तुला रिक्षात घालून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते सांगते. तू खाली पडलास तेव्हा मला आनंद झाला, घाडी. समाधान नव्हे, न्याय वगैरे नव्हे. आनंद. पोटातून वर येणारा, गरम. मला वाटलं, अजून एक घाल पास्कल. मी चर्चमध्ये गाणारी, पोरांना अहिंसेवर निबंध लिहायला लावणारी बाई, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

म्हणून तुझ्या अंतिम मसुद्यावर, जिथे तू लिहिलंस की 'हिंसा ही व्यक्तीची नसून भूमिकेची असते', तिथे मी लाल पेनानं लिहिलं: 'आणि मजा? ती कोणाची?'

तू चिडलास. टपरीवर ग्लास आपटलास. "मजा कुठल्या धड्यात आहे?"

"कुठल्याच नाही. म्हणूनच लिहा."

"लिहिली तर माझी श्रावणी वाचेल."

श्रावणी तुझी मुलगी, तेरावीला. तिनं प्रकल्प टाइप करून दिला होता. तू मजेबद्दल एक अक्षर न लिहिता तो जमा केलास. तोंडी परीक्षेत उत्तम उत्तरं दिलीस, पास झालास. त्या संध्याकाळी तू फोन केलास, पेढ्यांचं विचारायला, आणि मी काय बोलले? "तुम्ही अर्धंच लिहिलंत, घाडी." मग तू विचारलंस, "मॅडम, तुम्ही मजा कधी बघितलीत? एवढ्या ठामपणे विचारताय म्हणून."

मी फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं ते.

बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला, भाऊची माणसं तुमच्या चाळीत आली. रीडेव्हलपमेंटला सही न दिलेल्या तीन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत मालनमावशी, सत्तरीची, एकटी. तिचा दरवाजा तोडला, तिला केसांना धरून गॅलरीत ओढलं. तू बनियनवर खाली उतरलास. हे सगळं मला सुषमानं दवाखान्याच्या जिन्यात बसून सांगितलं. तू आधी बोललास म्हणे. "कागद दाखवा, नोटीस दाखवा." एकानं तुझ्या कानाखाली मारली.

"मग पाइप ह्यांनीच हिसकावला मॅडम. एकाचा जबडा फोडला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर घातला, तो पडला. पडल्यावर पण मारत होते. त्याचं हाड पँटीतून बाहेर आलं होतं. मी वरून ओरडले, अहो, बस करा, मरेल तो. तर त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. हसत होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

आणि तू वर बघत असतानाच तिसऱ्यानं मागून तुझ्या डोक्यात घातला. खाली पडल्यावर आणखी सहा-सात वेळा. सुषमा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मी हाक मारली नसती तर?" मी तिचा हात धरून बसले. माझ्याकडे कुठलीही संकल्पना नव्हती.

चार दिवस तू शुद्धीवर आला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. डोकं सुजून तुझा चेहरा दुसऱ्याच माणसाचा झाला होता. मी तुझ्या कानाशी वाकले, मुसळाचं, माझ्या आनंदाचं सांगायला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको माझ्याकडे बघत होती. मी "लवकर बरे व्हा" म्हणाले. तुला 'बरे व्हा' म्हणाले, घाडी. तेवढंच सुचलं.

तू एका बाईला वाचवायला उतरलास, हे खरं. तू मारताना खूश होतास, हेही खरं. भूमिका बदलली होती, गुंडाची जाऊन राखणदाराची आली होती, आणि हात तसाच खूश होता. तू असतास तर आपण टपरीवर यावरून तास दोन तास भांडलो असतो. कदाचित तू जिंकला असतास.

तुला पोचवून आलो त्यानंतर दोन दिवसांनी एक माणूस आमच्या ओट्यावर आला. नम्र, कपाळाला टिळा. "भाऊंनी नमस्कार सांगितलाय. घाडीदादांचा अभ्यास आणि ती नावांची यादी तुमच्याकडे आहे म्हणे. आठवण म्हणून भाऊंना हवीय." पास्कल दारात आला. त्या माणसानं त्याच्या आखडलेल्या कोपराकडे बघितलं आणि विचारलं, "दुसरा हात बरा आहे ना तुमचा?"

तो गेल्यावर मी कपाटातून तुझं पाकीट काढलं. अकरा नावं. ती माणसं तुझ्या शब्दावर बोलली होती आणि तुझा शब्द म्हणजे मी शिकवलेला शब्द. चाळीतल्या त्या सकाळी मात्र त्यातले तिघे होते, सुषमानं ओळखलेले. मी वेगळा कागद घेतला. दोन मारहाणींतली नावं तेवढी उतरवली, तुझ्या चाळीतली आणि आमच्या वाडीतली. पहिलं नाव भाऊचं. मग ते तिघे. क्रमांक पाच, तो रिक्षावाला. उरलेली पाच नावं मी कोणाला दाखवणार नाही. तुझ्या नावाशी पेन अडलं. तू गेलेला, सुषमा तिकडे राहणारी, श्रावणीचं लग्न व्हायचं. अर्धा तास गेला. मग लिहिलं.

रिक्षावाल्याबद्दल पास्कलला आधी सांगणं भाग होतं. सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आयच्या फोटोकडे बघितलं, म्हणाला, "बरं झालं, तिला कळलं नाही." मग चपला घातल्या. "चल."

काल दुपारी आम्ही विक्रोळीला पोलीस ठाण्यात गेलो. तपासाचा सबइन्स्पेक्टर तरुण होता, दमलेला. त्यानं माझा जबाब घेतला, पास्कलचा घेतला. मग यादी पुढे ओढून पेनाच्या टोकानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. शेवटच्या नावाशी थांबला.

"हा तर मयत. फिर्यादीतच आहे. हे चुकून आलंय."

"चुकून नाही," मी म्हणाले.

"अहो मॅडम, ज्याचा खून झालाय त्याचंच नाव आरोपींत देताय? त्याच्या घरच्यांना काय वाटेल? खोडतो मी."

त्यानं पेन टेकवलं.

पास्कल टेबलावर वाकला आणि त्यानं आपला हात त्या कागदावर ठेवला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "त्याला कबूल होतं."